जुने घर : पाडावे की दुरुस्त करावे?

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले. त्या दुपारी याच तालुक्यातल्या आमच्या गावच्या घराचे अर्धे छप्पर उडाले. कौले अंगणात, वासे पडवीत, आणि अम्मी शेजाऱ्यांच्या स्लॅबच्या घरात! आम्ही नोकरीच्या गावी होतो. अलहमदुलिल्लाह, अम्मी सुखरूप होती. तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला आणि मग अनेक घरांत होतो तो वाद आमच्याकडेही सुरू झाला.

आखातात नोकरीला असलेला धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "भाई, पाडून टाकू. स्लॅबचे बांधू, पैसे मी पाठवतो." अम्मीचे म्हणणे होते, "छप्पर गेले, भिंतींनी काय बिघडवले?" दोघांचेही पटत होते, म्हणून आम्ही अडकलो.

गावच्या ठेकेदाराने घर नुसते बघूनच "यात काही राम नाही" असे सांगून टाकले. पण ज्याला बांधकाम मिळणार, त्यालाच निकाल कसा विचारायचा? आम्ही फी देऊन तालुक्याहून एक इंजिनिअर आणला. त्याने ओळंबा लावून भिंती पाहिल्या, त्या सरळ होत्या. जोते खचलेले नव्हते. भिंतीला दोन तडे होते. त्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून तारीख घातली. चार महिन्यांनी पाहिले तर पट्ट्या फाटल्या नव्हत्या, म्हणजे तडे जुने होते, वाढत नव्हते. लाकडात टोच्या खुपसून पाहिला. सागवानी आढे टणक निघाले, पण बरेच वासे वाळवीने पोकळ केले होते. मोरीचे पाणी मुरून मागची भिंत ओली झाली होती. थोडक्यात, जांभ्या दगडाचे अंग धड होते, डोके मात्र गेले होते.

दुरुस्तीचा अंदाज 9 लाख आणि नव्या घराचा 24 लाख निघाला. भावाची शिल्लक 11 लाख होती. उरलेल्यासाठी बँकेचे कर्ज काढावे लागणार, आणि व्याजाच्या पैशाने घर उभारायला अम्मी तयार नव्हती. आम्हीही नव्हतो.

स्लॅब हवा तर हवा, पण कोकणातल्या पावसात तोही गळतो. गावोगाव स्लॅबवर पुन्हा पत्र्याची शेड दिसते ती त्यामुळेच. खाऱ्या हवेत सळया गंजतात ते वेगळेच. मात्र वादळाची भीती खोटी नव्हती. म्हणून भिंतींच्या माथ्यावर सभोवार काँक्रीटचा पट्टा ओतून नवे छप्पर त्याला बोल्टने आवळायचे आणि कडेच्या कौलांच्या ओळी तारेने बांधायच्या, असे ठरले.

प्रत्येक घराला हाच निकाल लागू पडेल असे नाही. आमच्याच मोहल्ल्यात एका घराच्या मातीच्या भिंती पोटातून फुगल्या होत्या, तिथे पाडणेच शहाणपणाचे होते. जोते खचले असेल, भिंती ओळंब्यातून गेल्या असतील किंवा दुरुस्तीचा खर्च नव्या घराच्या जवळ जात असेल, तर जुन्याचा मोह सोडावा. समुद्र-खाडीकाठी सीआरझेडचे नियमही आधी विचारून घ्यावेत. एकदा पाडले की पुन्हा बांधायची परवानगी सहज मिळेलच असे नाही.

पण खरा प्रश्न पुढेच होता. घर कोणाचे? अब्बांचा इंतकाल 2017 मध्ये झाला. तीन वर्षे आम्ही दोघे भाऊ या घराला 'आमचे' म्हणत होतो. बहिणी दोन. वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला, "त्यांच्याकडून हक्कसोडपत्र घ्या आणि कामाला लागा." आपा सही करायला तयारही होती. तेव्हा अम्मीने विचारले, "ती खुशीने देते आहे की माहेर तुटेल या भीतीने?" आमच्याकडे उत्तर नव्हते. वर्गात मुलांना न्याय शिकवणाऱ्या आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही.

सूरह निसाच्या 11 आणि 12 व्या आयतीत हिस्से स्पष्ट आहेत. अब्बांवर देणे नव्हते, वसियतही नव्हती. मौलानांसोबत बसून हिशेब मांडला : घराचे 48 भाग केले, तर अम्मीचा आठवा हिस्सा म्हणजे 6, आम्हा भावांचे 14-14, बहिणींचे 7-7. जागेसह घराची किंमत काढून कागद दोघींना पाठवला. आपला हिस्सा किती, हे त्यांना पहिल्यांदाच आकड्यात कळले. बहिणीने राजीखुशीने हक सोडला तर तो तिचा अधिकार आहे, पण काय सोडते आहोत हे आधी तिला ठाऊक असले पाहिजे.

धाकटीने पैसे मागितले, तिला मुलीच्या शिक्षणासाठी हवे होते. भाऊ आणि आम्ही मिळून तीन हप्त्यांत ते दिले. आपा म्हणाली, "माझा हिस्सा घरातच राहू द्या." भावाने दुरुस्तीला घातलेली रक्कम वहीत वेगळी लिहिली आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

काम 2022 च्या पावसाळ्याआधी संपले. खर्च साडेदहा लाखांवर गेला, कारण लाकूड अंदाजापेक्षा महाग पडले. अम्मीसाठी संडास-न्हाणीघर आत आले. भावाला अजूनही वाटते की स्लॅब हवा होता, आणि ते तो बोलूनही दाखवतो.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरात हा वाद चालू असेल, तर हातोडा उचलण्याआधी दोन कागद करून घ्या : एक इंजिनिअरचा, दुसरा वारसांच्या हिश्शांचा. दुसऱ्याला आम्ही तीन वर्षे उशीर केला. तुम्ही करू नका. आपा आता मे महिन्यात मुलांना घेऊन येते, पडवीलगतच्या खोलीत उतरते आणि येण्याआधी कोणाला विचारत नाही.