जुन्या आर्केड गेमचा पॉवर सप्लाय तपासण्यासाठी हार्नेस कसा बांधावा?

जुन्या वस्तू दुरुस्त करून वापरात ठेवण्याची हौस आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत आहे. रेडिओ, टेपरेकॉर्डर, शिलाई मशीन झाले की काहींची नजर नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमकडे वळते. अमेरिका आणि जपानमध्ये १९७० आणि १९८० च्या दशकांत बनलेली ही कपाटाएवढी यंत्रे आता हौशी संग्राहकांनी जपलेली आहेत. बंद पडलेले यंत्र हाती आले की सर्वांत आधी संशय घ्यावा तो पॉवर सप्लायवर. गेमचा बोर्ड पणाला न लावता हा सप्लाय कसा तपासायचा, ते आम्ही इथे सांगत आहोत.

गेमच जोडून का पाहू नये?

अटारी कंपनीचा १९७९ चा ‘ॲस्टेरॉइड्स’ हा गेम घेऊ. त्याच्या तळाशी ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि २५,००० मायक्रोफॅरडहून मोठा एक निळा कपॅसिटर असतो. संग्राहक त्याला ‘बिग ब्लू’ म्हणतात. इथून सुमारे १० व्होल्ट डीसी निघतात आणि वेगळ्या रेग्युलेटर बोर्डावर त्यांचे ५ व्होल्ट होतात. हे काम २एन३०५५ हा मोठा ट्रान्झिस्टर करतो. तो आतून शॉर्ट झाला, तर १० व्होल्ट जवळपास जसेच्या तसे ५ व्होल्टच्या लाइनवर येतात.

गेमच्या बोर्डावरच्या ७४ मालिकेतील चिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. ७ व्होल्ट ही त्यांची शेवटची मर्यादा. म्हणजे स्विच दाबताच डझनावारी चिपा जाऊ शकतात. साध्या चिपा आजही मिळतात. पण अटारीने स्वतःसाठी बनवलेल्या ‘पोकी’सारख्या चिपा कारखान्यातून निघणे केव्हाच थांबले आहे. त्या गेल्या की मूळ चिपा बहुधा दुसऱ्या जुन्या बोर्डावरून काढाव्या लागतात.

नुसता मल्टिमीटर का पुरत नाही?

सप्लाय सुटा करून मीटर लावला आणि ५ व्होल्ट दिसले, तरी सप्लाय चांगला आहे असे म्हणता येत नाही. मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, गेम मात्र काही अँपिअर खेचतो. समजा कनेक्टरची पिन काळवंडून तिथे ०.०५ ओहम रोध तयार झाला आहे. करंट नसताना तो दिसणारच नाही. ५ अँपिअर वाहू लागले की तिथेच ०.२५ व्होल्ट खर्ची पडतात आणि चिपांपर्यंत ४.७५ व्होल्ट पोहोचतात. थकलेला कपॅसिटरही असाच लोड आल्यावरच उघडा पडतो.

नंतरच्या गेममध्ये स्विचिंग सप्लाय आले. त्यांतले बरेच सप्लाय थोडा तरी लोड असल्याशिवाय नीट चालत नाहीत. रिकामे चालवले तर काही सुरूच होत नाहीत, काही चुकीचे व्होल्टेज दाखवतात. म्हणून गेमच्या जागी तेवढाच करंट खेचणारे, पण जळले तरी हळहळ वाटणार नाही असे काहीतरी हवे. हार्नेस म्हणजे तेच: योग्य कनेक्टर, जाड वायर, रेझिस्टर आणि मीटर लावायच्या जागा.

रेझिस्टर किती ओहमचे?

व्होल्टला ओहमने भागले की अँपिअर, आणि व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. एवढा हिशोब पुरतो.

- अधिक ५ व्होल्ट: २ ओहम लावल्यास २.५ अँपिअर, उष्णता १२.५ वॅट. १ ओहम लावल्यास ५ अँपिअर, २५ वॅट.
- अधिक १२ व्होल्ट: १२ ओहम, १ अँपिअर, १२ वॅट.
- उणे ५ व्होल्ट: ४७ ओहम, सुमारे ०.१ अँपिअर, अर्धा वॅट.

सप्लायच्या लेबलवर लिहिलेल्या मर्यादेच्या आतच लोड ठेवावा. पहिल्या दोन लाइनसाठी ॲल्युमिनियमच्या कवचातले ५० वॅटचे रेझिस्टर घ्यावेत आणि जाड ॲल्युमिनियम पट्टीवर स्क्रूने आवळावेत. पट्टी नसेल तर ते आपली पूर्ण क्षमता पेलू शकत नाहीत. हात भाजेल इतके ते तापतात, म्हणून लाकडी फळीवर थेट ठेवू नयेत.

कनेक्टरची जोडणी

जपानमधून १९८५ मध्ये आलेल्या ‘जामा’ पद्धतीमुळे काम सोपे झाले. एका बाजूला २८ असे ५६ संपर्क, अंतर ३.९६ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना १ आणि २ क्रमांकावर ग्राउंड, ३ आणि ४ वर अधिक ५, ५ वर उणे ५ आणि ६ वर अधिक १२ व्होल्ट. याच मापाच्या कोऱ्या बोर्डाला वायर डाग देऊन जोडल्या की तो कॅबिनेटच्या कनेक्टरमध्ये गेमसारखाच बसतो. त्यामुळे सप्लायसोबत कॅबिनेटची वायरिंगही तपासली जाते. ५ व्होल्ट आणि ग्राउंडसाठी सगळे संपर्क वापरावेत. एकाच पिनवर सगळा करंट टाकू नये.

अटारीच्या जुन्या गेममध्ये आणखी दोन ‘सेन्स’ वायर असतात. बोर्डापर्यंत प्रत्यक्ष किती व्होल्ट पोहोचले हे त्या रेग्युलेटरला कळवतात. हार्नेसमध्ये एक वायर लोडच्या अधिक टोकाला, दुसरी ग्राउंडच्या टोकाला जोडावी. त्या लोंबत्या राहिल्या तर वाचन खरे येणार नाही.

तपासणीचा क्रम

१. प्लग काढून, गेमचा बोर्ड बाजूला ठेवून हार्नेस लावा.
२. मीटर आधी ५ व्होल्टच्या लाइनवर लावा, मगच स्विच दाबा. ५.५ च्या वर आकडा दिसला तर लगेच बंद करा.
३. ५ व्होल्ट दोन ठिकाणी मोजा: रेग्युलेटरवर आणि लोडवर. दोन्हींत मोठा फरक असेल तर दोष बहुधा पिनांत किंवा वायरमध्ये आहे. अटारीचा रेग्युलेटर अशा वेळी तूट भरून काढायला स्वतःकडचे व्होल्टेज वाढवतो, त्यामुळे बोर्डाजवळचा आकडा ठीक दिसतो. स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवण्याऐवजी पिना स्वच्छ करा किंवा बदला.
४. मीटर एसीवर ठेवून तीच लाइन पाहा. काही शतांश व्होल्टपर्यंत चालेल. दशांशात आकडा आला तर कपॅसिटर बदलायची वेळ झाली.
५. अर्धा तास चालू ठेवून पुन्हा मोजा. गरम झाल्यावर बिघडणारे भाग तेव्हाच सापडतात.

जपून

अमेरिकेतले यंत्र १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे असते. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. लेबल आणि ट्रान्सफॉर्मरची जोडणी पाहिल्याशिवाय प्लग लावू नये. फ्यूज उडाला तर मोठा फ्यूज किंवा तार घालू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. हार्नेस लावलेलाच ठेवला तर त्या लाइनचा चार्ज उतरतो, तरी हात लावण्याआधी मीटरने खात्री करावी. पिक्चर ट्यूबजवळ हजारो व्होल्ट असतात, त्या बाजूला जाऊच नये. मुलांना हे काम शिकवायचे असेल तर हिशोब, वायर कापणे आणि आकडे वहीत लिहिणे त्यांच्याकडे द्यावे. २३० व्होल्टची बाजू जाणत्या मोठ्या माणसाने सांभाळावी.

वहीतले आकडे जपून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच हार्नेसवर पुन्हा मोजले की सप्लाय कुठे ढळतो आहे ते समजेल, आणि गेमच्या बोर्डाला झळ बसण्याआधीच दुरुस्ती करता येईल.