ठाण्याचा पोलीस आयुक्त कोण नेमतं?

बाळकुमच्या अग्निशमन केंद्रातून बाहेर पडणारा बंब ठाणे महापालिकेचा असतो. त्याचं डिझेल, त्यावरच्या जवानांचे पगार, सगळं महापालिकेच्या अंदाजपत्रकातून येतं. त्याच रस्त्यावरून कापूरबावडी पोलीस ठाण्याची गाडी जाते, तिच्यावर मात्र महापालिकेची काडीचीही सत्ता नाही. बंब वेळेवर का आला नाही, याचा जाब बाळकुमचा नगरसेवक सभागृहात मागू शकतो. पोलीस वेळेवर का आले नाहीत म्हणून तो फार तर निवेदन देऊ शकतो. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात ‘पोलीस’ हा विषय राज्यसूचीत दुसऱ्याच क्रमांकावर आहे, आणि शहराचा त्यातला वाटा तिथेच संपतो.

एकाच पोलीस ठाण्यातली माणसं किती वेगवेगळ्या दारांनी आत आलेली असतात हे पाहिलं की मी दरवेळी थक्क होते. पोलीस शिपायाची भरती ठाणे शहर पोलीस आयुक्तालय स्वतः करतं. १६०० मीटर धावणं, गोळाफेक, मग लेखी परीक्षा. मुलींसाठी ८०० मीटर. गावागावांतल्या मैदानांवर पहाटे धावणारी पोरं ज्या भरतीसाठी घाम गाळतात, ती हीच. उपनिरीक्षक, म्हणजे आपला फौजदार, येतो एमपीएससीतून, किंवा शिपायापासून वर चढत चढत. सरळ परीक्षेतून आलेल्याचं प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होतं. आणि या सगळ्यांच्या डोक्यावरचा पोलीस आयुक्त? तो भारतीय पोलीस सेवेचा अधिकारी. त्याची निवड यूपीएससी करते, नियुक्ती राष्ट्रपतींच्या नावे होते, महाराष्ट्र केडर केंद्राचं गृहखातं देतं आणि प्रशिक्षण हैदराबादच्या सरदार पटेल अकादमीत होतं. (या सेवेतल्या सुमारे एक तृतीयांश जागा राज्य पोलीस सेवेतून बढतीने भरतात, तेवढी एक खिडकी वेगळी.) तो मूळचा बिहारचा असेल, केरळचा असेल, केडर मिळाल्यावर मराठी शिकलेला असेल. त्याला ठाण्याच्या खुर्चीवर बसवतं राज्य सरकार. म्हणजे सर्वांत खालचा माणूस ठाणं निवडतं आणि सर्वांत वरचा निवडण्यात ठाण्याचा हातच नसतो!

अमेरिकेतल्या एखाद्या गावाला हे अजब वाटेल. तिथे बहुतेक शहरांचं स्वतःचं पोलीस दल असतं आणि प्रमुख कोण असावा हे महापौर किंवा नगर परिषद ठरवते. म्हणून तिथे एक वाद पुन्हा पुन्हा पेटतो: पोलीसप्रमुखाला नागरी सेवेचं संरक्षण द्यावं, की महापौराला वाटेल तेव्हा त्याला काढता यावं?

लॉस एंजेलिसने दोन्ही करून पाहिलं. महापौर बदलला की पोलीसप्रमुखही जायचा आणि त्याबरोबर भ्रष्टाचार फोफावायचा, म्हणून १९३७ मध्ये या पदाला नागरी सेवेचं भक्कम कवच दिलं गेलं. त्यानंतर तिथल्या प्रमुखाला हलवणं जवळजवळ अशक्य झालं. डॅरिल गेट्स १९७८ मध्ये त्या खुर्चीवर बसले. मार्च १९९१ मध्ये त्यांच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय तरुणाला रस्त्यावर अमानुष मारलं आणि ते चित्रीकरण जगाने पाहिलं. महापौर टॉम ब्रॅडली स्वतः त्याच दलातले माजी अधिकारी. त्यांनी गेट्स यांचा राजीनामा मागितला, तो मिळाला नाही. पोलीस मंडळाने गेट्स यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं, तर नगर परिषदेने परत आणून बसवलं. पुढच्या वर्षी ते पोलीस निर्दोष सुटले, शहर पेटलं, साठहून अधिक माणसं मेली. जून १९९२ मध्ये लॉस एंजेलिसच्या मतदारांनी ते कवच काढून टाकलं. आता प्रमुखाला पाच वर्षांची मुदत मिळते, फार तर दोनदा, आणि मुदतवाढ द्यायची की नाही हे नागरिकांचं मंडळ ठरवतं.

हे वाचून मनात येतं, मग ठाण्यानेही आपला आयुक्त आपणच निवडावा. पण ठाण्याने म्हणजे नेमकं कुणी? १९८१ साली स्थापन झालेल्या या आयुक्तालयाच्या हद्दीत आज ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर अशा चार महापालिका येतात, शिवाय अंबरनाथ आणि बदलापूर या नगरपालिका. पाच परिमंडळं, एक आयुक्त. बाळकुमहून कशेळीचा पूल ओलांडला की महापालिकेची हद्द संपते, पण पोलीस आयुक्त तोच राहतो. प्रत्येक शहराने आपापला प्रमुख नेमला तर या पुलाच्या दोन टोकांना दोन पोलीस दलं उभी राहतील आणि मोटारसायकल चोरून पळणाऱ्याला याहून सोयीची गोष्ट दुसरी नसेल.

आणि ही खुर्ची साधी नाही. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाकडे नसलेले दंडाधिकाऱ्याचे अधिकार आयुक्ताकडे असतात. जमावबंदीचा मनाई आदेश तो स्वतः काढतो. तडीपारीचा आदेश आयुक्तालयातूनच निघतो, ग्रामीण भागात तो प्रांताधिकारी काढतात. इतके अधिकार ज्याच्या हाती आहेत, त्याची नेमणूक गल्लीतल्या निवडणुकीच्या हिशोबावर व्हावी असं मला मुळीच वाटत नाही. सरदार पटेलांनी ऑक्टोबर १९४९ मध्ये संविधान सभेत हीच बाजू कळकळीने मांडली होती: मंत्र्यासमोर निर्भयपणे वेगळं मत मांडू शकणारी अखिल भारतीय सेवा नसेल तर देश एकसंध राहणार नाही. अनुच्छेद ३११ आणि ३१२ यांच्या चौकटीतही हाच विचार दिसतो. भारतीय पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्याला राज्य सरकार निलंबित करू शकतं, बडतर्फ करू शकत नाही. तो अधिकार केंद्राचा, तोही चौकशी आणि यूपीएससीचा सल्ला घेतल्यावर.

आपल्या व्यवस्थेतली सर्वांत चकित करणारी गोष्ट इथे दिसते. संरक्षण आहे ते नोकरीला, खुर्चीला नाही. आयुक्ताची नोकरी घालवायला दिल्लीपर्यंत जावं लागतं, त्याची खुर्ची काढून घ्यायला मंत्रालयातून निघालेलं बदलीचं एक पत्र पुरतं. पगार तोच, हुद्दा तोच, गणवेश तोच. फक्त उद्यापासून ठाणे नाही, एखाद्या आडबाजूच्या विभागात. लॉस एंजेलिसमध्ये खुर्चीच इतकी घट्ट बसवली होती की शहर हतबल झालं. आपल्याकडे माणूस घट्ट आहे आणि खुर्ची सैल.

उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह हे दुखणं घेऊन १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लागला २२ सप्टेंबर २००६ रोजी, दहा वर्षांनी! सात निर्देश निघाले, त्यांत महत्त्वाच्या पदांना किमान दोन वर्षांची मुदत आणि बदल्या-नेमणुकांसाठी पोलीस आस्थापना मंडळ. महाराष्ट्राने २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली. कलम २२-न ने दोन वर्षांचा सामान्य कार्यकाळ दिला. भारतीय पोलीस सेवेतल्या नेमणुकांबाबत शिफारस करणारं मंडळ गृह विभागाच्या अपर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली बसतं. मात्र त्याच कलमात पुढे वाट मोकळी ठेवली आहे: अपवादात्मक परिस्थितीत, लोकहितासाठी आणि प्रशासकीय निकडीपोटी मुदतपूर्व बदली करता येईल. भारतीय पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यांबाबत हा अधिकार मुख्यमंत्र्यांचा.

म्हणून मला वाटतं, पोलीसप्रमुख नागरी सेवेतून यावा का, हा प्रश्न आपल्यासाठी सुटलेला आहे. यावाच. बाळकुमच्या माणसाने विचारायचा प्रश्न पुढचा आहे: आलेला माणूस किती काळ राहणार, आणि मध्येच गेला तर का गेला? महापालिका आयुक्तही राज्य सरकारच पाठवतं, पण त्याच्याविरुद्ध नगरसेवकांना निदान ठराव आणता येतो. २०१६ मध्ये नवी मुंबईत तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध असा ठराव मोठ्या मताधिक्याने संमत झाला होता. तो योग्य होता की अयोग्य, यावर वाद घालता येईल, पण जे झालं ते सभागृहात, सर्वांसमोर झालं. पोलीस आयुक्ताच्या बाबतीत तसा अधिकार नगरसेवकांना देऊ नये, कारण मग दर कारवाईपूर्वी आयुक्ताला सभागृहातली मतं मोजावी लागतील. पण दोन वर्षांच्या आत बदली झाली तर ‘प्रशासकीय निकड’ एवढ्या दोन शब्दांवर लोकांची बोळवण होऊ नये. ती निकड कोणती होती, आस्थापना मंडळाने काय शिफारस केली होती, हे बदलीच्या आदेशासोबतच जाहीर करणं कायद्याने बंधनकारक करावं. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. कलम २२-न मध्ये विधिमंडळाने एक उपकलम वाढवलं तरी पुरे.