धडक किती जोराची?

ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर आदळली की साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात सगळं संपतं. तेवढ्या वेळात एअरबॅगचं नियंत्रण करणारी छोटी पेटी गाडीचा वेग कसा घटतोय हे टिपत असते. एअरबॅग उघडायची की नाही, हे ठरवण्यासाठी ती बसवलेली. पण तीच मोजमापं फोनवरून बाहेर धाडली, तर आतल्या माणसाला किती लागलं असेल याचा अंदाज रुग्णवाहिका निघण्याआधीच बांधता येईल. अमेरिकेत गाडीतून फोनवर मदत मिळवून देणारी जनरल मोटर्सची ऑनस्टार सेवा १९९६ मध्ये सुरू झाली. त्याच दशकात तिथल्या संशोधकांनी ‘अर्जन्सी’ नावाचं, असा अंदाज बांधणारं पहिलं गणित मांडलं.

या गणितात स्पीडोमीटरचा आकडा फारसा उपयोगाचा नाही. ताशी १०० ने जाणारी गाडी कठड्याला नुसती घासून पुढे गेली, तर वेग किती, हा प्रश्न गौण ठरतो. धडकेने वेग एकाएकी किती बदलला, हे महत्त्वाचं. याला ‘डेल्टा व्ही’ म्हणतात. एक टनाची कार आणि दहा टनांचा ट्रक, दोघेही ताशी ५० ने, समोरासमोर भिडले असं धरा. ट्रकचा वेग जेमतेम ९ ने बदलतो, कारचा सुमारे ९१ ने. दोन्ही चालकांच्या काट्यावर आकडा मात्र एकच होता.

मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेलं सूत्र या क्षेत्रात पायाभूत मानलं जातं. अमेरिकेतल्या १९९९ ते २००८ या काळातल्या अपघातांच्या तपशीलवार नोंदींवर ते बेतलं आहे. डेल्टा व्ही, धडक कोणत्या बाजूने बसली, एकदा की अनेकदा, पट्टा लावला होता का, वाहन कोणत्या प्रकारचं, आत पंचावन्न किंवा त्याहून जास्त वयाचं कुणी आहे का, स्त्री आहे का, एवढ्यावरून ते गंभीर इजेची शक्यता सांगतं. सर्वांत जास्त वजन डेल्टा व्ही, पट्टा आणि धडकेची दिशा यांना. वय गाडीला कळत नाही. ते कॉल घेणाऱ्या माणसानेच विचारायचं, आणि पलीकडून उत्तर आलं नाही, तर तीही मोठी खबर असते.

शक्यता २० टक्के किंवा अधिक निघाली की धोक्याचा इशारा, अशी रेषा आखली गेली. या रेषेवर सूत्र कसं उतरलं, ते नीट पाहायला हवं. ज्या गाड्यांमध्ये कुणालाच गंभीर इजा नव्हती, अशा शंभरांपैकी ९८ बाबतीत ते बरोबर गप्प राहिलं. पण ज्यांत खरोखर कुणी गंभीर जखमी होतं, अशा दहांपैकी चारच गाड्या त्याला सापडल्या. सहा निसटल्या. रेषा खाली आणली तर आणखी सापडतील, पण मग किरकोळ धडकेलाही मोठा ताफा धावेल आणि त्याच वेळी दुसरीकडे कुणी छातीत कळ येऊन वाट बघत असेल. माझं मत ठाम आहे : असा अंदाज मदत वाढवण्यासाठी वापरावा, कमी करण्यासाठी कधीही नाही. यंत्र गप्प आहे म्हणून रुग्णवाहिका सावकाश निघाली, असं होता कामा नये. उलटलेल्या गाड्या तर या सूत्राच्या कक्षेतच नाहीत. त्यांतल्या इजांना इतकी कारणं असतात की वेगळं गणित लागतं.

युरोपात ३१ मार्च २०१८ पासून नव्या प्रकारच्या गाड्यांना ‘ई-कॉल’ सक्तीचा झाला. धडकेनंतर गाडी आपोआप ११२ ला फोन लावते आणि ठिकाण, प्रवासाची दिशा, वाहनाची ओळख असा १४० बाइटचा मजकूर पाठवते. जपानच्या ‘डी-कॉल नेट’ने २०१५ मध्ये चाचणी सुरू करताना गंभीर इजेचा अंदाज थेट डॉक्टर नेणाऱ्या हेलिकॉप्टरच्या तळापर्यंत पोचवला.

आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ‘गोल्डन अवर’ची व्याख्या आली : इजेनंतरचा पहिला तास. तो तास वाया जाऊ नये म्हणून असा अंदाज इथेही हवा, पण अमेरिकी सूत्र उचलून इथे लावता येणार नाही. तिथे चालक डावीकडे बसतो, आपल्याकडे उजवीकडे. त्यामुळे डाव्या-उजव्या धडकेची वजनंच फिरतात. शिवाय त्या नोंदींत मोटारी, पिकअप, व्हॅन आहेत, दुचाकी नाहीत, आणि आपल्या रस्त्यांवर जीव गमावणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचाच. देशाच्या एकात्मिक अपघात नोंदप्रणालीची सुरुवात ज्या राज्यांतून झाली, त्यांत महाराष्ट्र होता. पोलीस, परिवहन, महामार्ग आणि आरोग्य, या सगळ्या खात्यांनी तीत माहिती भरायची आहे. प्रत्येक अपघाताच्या नोंदीपुढे एअरबॅगच्या पेटीतला डेल्टा व्ही आणि रुग्णालयात निघालेली इजा हे दोन रकाने शेजारी शेजारी भरले गेले, तर आपलं सूत्र त्यातूनच बांधता येईल.