दुरुस्ती खोक्यात संपते

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या ऑडिओची दुरुस्ती अजून कशी चालते, ते पाहून या, असं संपादकांनी सांगितलं होतं. दुरुस्ती पाहिलीच, पण पाय रेंगाळले ते एका दुकानाच्या मागच्या बाजूच्या पॅकिंगच्या टेबलाशी. इथून धडधाकट निघालेलं यंत्र गिऱ्हाइकाच्या घरी मोडून पोचणं, हे या धंद्यातलं रोजचं दुखणं आहे. त्यावर या टेबलाशी इलाज चालतो.

या रस्त्याचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झालं. पुढे ठाण्यात मर्फीचे रेडिओ तयार होऊ लागले आणि डॉ. भडकमकर मार्ग अशी पाटी असलेला हा रस्ता सुट्या भागांची पेठ झाला. कॅसेट आणि सीडी आल्यावर रेकॉर्ड-प्लेअर माळ्यावर गेले. आता ते खाली उतरताहेत, विकले जाताहेत आणि कुरिअरने पुण्या-बंगळुरूपासून परदेशापर्यंत जाताहेत.

पॅकिंग करणाऱ्यांना दुकानात सगळे काका म्हणतात. नाव छापू नका, असं त्यांनी सांगितलं. वय साठीपलीकडचं, बोलणं मोजकं. टेबलावर टेक्निक्सचा एसएल-१२०० एमके २ रेकॉर्ड-प्लेअर होता, १९७९ साली बाजारात आलेलं मॉडेल. काकांनी खोक्याला हातही लावला नाही. आधी सुईसकट हेडशेल काढलं, कागदात गुंडाळून डबीत ठेवलं. टोनआर्मच्या शेपटाचं वजन फिरवून उतरवलं. आर्म टेकणीवर अडकवून सुती फितीने बांधला. रबरबँड कधीच नाही, कारण उन्हाळ्यात तो वितळून चिकटतो. मग रेकॉर्ड ज्यावर फिरते त्या प्लॅटरच्या दोन भोकांत बोटं घालून तो सरळ वर उचलला.

“हा आत राहिला तर हाच मशीनला मारतो,” काका म्हणाले.

त्यांचं म्हणणं हिशेबाने पटतं. खोका टेबलाच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटरवरून पडला आणि खालचा फोम अडीच सेंटिमीटर दबून तो थांबला, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सरासरी ३० पट जोर येतो. २ किलोचा प्लॅटर त्या क्षणी ६० किलोचा होतो आणि ते ओझं मोटरच्या दांड्यावर पडतं. फोम नसेल, थांबायला जेमतेम अडीच मिलिमीटर मिळाले, तर तोच जोर ३०० पट. म्हणून काका प्लॅटर वेगळ्या कप्प्यात घालतात, तोही मशीनच्या खाली. वर ठेवला तर तो मशीनवरच आदळणार.

मला सर्वांत गुंतवून ठेवलं ते एका साध्या स्क्रूने. डुअल, बीएसआर, गॅरार्ड या कंपन्यांच्या कित्येक रेकॉर्ड-चेंजरमध्ये अख्खा डेक स्प्रिंगांवर तरंगता असतो. घरात कुणी चाललं तरी सुई उडू नये, म्हणून ही सोय. प्रवासात मात्र त्याच स्प्रिंगांवर डेक थडाथडा आपटतो. हे ओळखून कंपन्यांनी डेक आवळून धरणारे ट्रान्झिट स्क्रू दिले. घरी आणल्यावर ते फिरवून डेक मोकळा करायचा, पाठवताना पुन्हा जखडायचा. पन्नास वर्षांपूर्वी यंत्र घडवणाऱ्याने त्याच्या पुढच्या प्रवासाचाही विचार करून ठेवला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. काकांकडे येणाऱ्या बऱ्याच मशीनांत हे स्क्रू नसतातच. मग ते डेकखाली फोमचे तुकडे घट्ट बसवतात आणि आतमध्ये काय काय कोंबलंय, याची चिठ्ठी वरच चिकटवतात. नाहीतर नवा मालक तसंच बटण दाबायचा.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची तऱ्हा निराळी. १९५३ सालच्या क्वाड २ मध्ये केटी६६ व्हॉल्व्हची जोडी असते. प्रत्येक व्हॉल्व्ह सरळ उपसायचा, कुठल्या सॉकेटमधला ते लिहायचं आणि वेगळा बांधायचा. खरी धास्ती असते ती ट्रान्सफॉर्मरची. अ‍ॅम्प्लिफायर जोरात आपटला की त्या लोखंडाच्या भाराने चासीचा पत्राच वाकतो. काका ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला जाड फोम लावतात आणि खोक्याचा जड कोपरा कोणता, ते बाहेर लिहितात.

बांधणी ठरलेली. आतला खोका, चहूबाजूंनी ५ सेंटिमीटर ईपीई फोम, मग सात प्लायचा बाहेरचा खोका. बंद केल्यावर काका खोका हलवून कान लावतात. आत जरा जरी हललं तरी टेप कापून पुन्हा पहिल्यापासून.

एवढं करूनही धाकधूक उरतेच. ‘नाजूक’ची लाल पट्टी माणसाने वाचली तर उपयोगी, गोदामातला सरकता पट्टा ती वाचत नाही. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि त्याची ताकद निम्म्यावर येते, म्हणून बाहेरून प्लास्टिक हवंच. पण तेच प्लास्टिक पॉलिश केलेल्या लाकडाला थेट लागलं तर चिकटून डाग पाडतं. मध्ये सुती कापड घालावं लागतं. परदेशी पाठवायचं तर कच्च्या लाकडाची पेटी सहसा गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून शिक्का मारून घ्यावी लागते. प्लायवूडला ती अट नाही, म्हणून काका प्लायवूडच वापरतात. विमा असला तरी पॅकिंग कच्चं होतं असं ठरलं की दावा अडतो.

माझी खरी काळजी आणखी वेगळी आहे. एका मशीनला अर्धा दिवस जातो. दुरुस्तीचे पैसे लोक बिनतक्रार देतात, पॅकिंगचे द्यायचे म्हटलं की कुरकुरतात. त्यामुळे दुकानातली तरुण मुलं सोल्डरिंग शिकतात, या टेबलाशी कुणी थांबत नाही. दुसरीकडे हौशी विक्रेते प्लॅटर आतच ठेवून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून मशीन रवाना करतात. टोनआर्म मोडला किंवा दांडा वाकला, तर मूळचा भाग पुन्हा मिळणं दुरापास्त. अशा प्रत्येक खोक्यामागे चालू स्थितीतलं एक जुनं यंत्र जगातून कमी होतं.

घरात जुना रेकॉर्ड-प्लेअर असेल, तर दिवाळीच्या आवराआवरीत त्याचा मूळ खोका आणि आतले थर्माकोलचे साचे भंगारात देऊ नका. ट्रान्झिट स्क्रू सैल करून काढावे लागले, तर पाकिटात घालून मशीनच्या तळाशी चिकटवून ठेवा. आणि पाठवायची वेळ आली, तर दुरुस्तीइतकेच पॅकिंगचेही पैसे मोजा.