ड्राय की ग्रेव्ही?

एअर फ्रायरबद्दलची तक्रार बहुतेक घरांत एकच असते: यात तळल्यासारखं होत नाही. तक्रार रास्त आहे, कारण हे यंत्र तळतच नाही. वर तापणारी कॉइल, तिच्या डोक्यावर जोरात फिरणारा पंखा आणि खाली जाळीची टोपली, एवढाच त्याचा संसार. म्हणजे भट्टीच, फक्त लहान आणि भरपूर वाऱ्याची. २०१० मध्ये फिलिप्स कंपनीने ते बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलं तेव्हा नाव मात्र ‘एअरफ्रायर’ ठेवलं, आणि त्या नावापायी बिचाऱ्याला जन्मभर कढईशी झुंजावं लागतंय. ही झुंज ज्या पदार्थांवर लावली जाते तेही नेमके कढईच्या सोयीचे असतात: वडे, भजी, बटाट्याच्या फोडी, कढईतून निघून मिनिटाभरात तोंडात जाणारे. चायनीज हॉटेलात मंचुरियन मागवलं की वेटर विचारतो, ‘ड्राय की ग्रेव्ही?’ एअर फ्रायरच्या वादाचं उत्तर त्या प्रश्नात आहे, असं मला वाटतं. ड्राय पदार्थात तो कढईपुढे दुय्यमच ठरतो. पण जो पदार्थ ग्रेव्हीत घोळून, डब्यात भरून, अर्ध्या तासाने घरी पोचतो, त्यात कढईने कमावलेलं बरंचसं वाटेतच हरवलेलं असतं. तिथे दोघांतलं अंतर फार थोडं उरतं. अमेरिकेतलं पार्सलचं काजू-चिकन हा त्याचा उत्तम नमुना.

हे काजू-चिकन ज्या रूपांत अमेरिकेत प्रसिद्ध आहे, त्यातलं एक गाजलेलं रूप चीनमधलं नाही. ते मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहराचं आहे. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात जन्मलेले डेव्हिड लिओंग १९४० मध्ये अमेरिकेत आले, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातून लढले आणि पुढे स्प्रिंगफील्डला येऊन स्थिरावले. १९६३ मध्ये त्यांनी ‘लिओंग्ज टी हाउस’ काढलं. ते उघडण्याआधीच कुणीतरी तिथे डायनामाइटचा स्फोट घडवला होता. तरीही हॉटेल उघडलं आणि चाललं. गावकऱ्यांचा जीव तळलेल्या चिकनवर होता. भाज्यांबरोबर झटपट परतलेलं कँटनी पद्धतीचं चिकन त्यांच्या पचनी पडेना. लिओंग यांनी तोड काढली ती अशी: चिकनचे तुकडे पिठात घोळवून तळायचे, वर ऑयस्टर सॉसची तपकिरी ग्रेव्ही ओतायची आणि शेवटी काजू आणि चिरलेली कांद्याची पात भुरभुरायची. बाहेरून आलेल्या स्वयंपाक्याने गावाची जीभ ओळखून केलेली ही तडजोड आपल्याला नवीन नाही. नेल्सन वाँग यांच्या नावाने ओळखलं जाणारं मुंबईचं चिकन मंचुरियनही त्याच वाटेने आलं. पण इथे मुद्दा इतिहासाचा नाही, पदार्थाच्या रचनेचा आहे. या काजू-चिकनमध्ये तळणं वेगळं, ग्रेव्ही वेगळी आणि काजू वेगळे. तिन्हींची गाठ पडते ती थेट वाढताना. उलट शेंगदाणे घातलेलं सिचुआनी गोंगबाओ चिकन, ज्याला अमेरिकेत ‘कुंग पाओ’ म्हणतात, ते एकाच वोकमध्ये, एकाच दमात, सुक्या मिरच्यांच्या ठसक्यात परतलं जातं. त्यातलं कुठलंही काम सुटं काढून दुसऱ्या यंत्राला देता येत नाही. काजू-चिकनमधलं तळणं मात्र अलगद उचलून बाजूला काढता येतं.

आता त्या डब्याकडे पाहू. अमेरिकी सिनेमात चायनीज जेवणाबरोबर हटकून दिसणारा, तारेच्या कडीचा पांढरा कागदी डबा शिकागोच्या फ्रेडरिक विलकॉक्स यांनी १८९४ मध्ये पेटंट केला. एकाच कागदाला घड्या घालून तो बनतो, म्हणून रस गळत नाही. वाफेला वरच्या फटींतून थोडी वाट असते, पण तेवढ्याने आतल्या चिकनचं भागत नाही. तळलेलं कवच कुरकुरीत असतं कारण त्यातलं पाणी उडून गेलेलं असतं आणि पिठाचं सच्छिद्र, ठिसूळ जाळं मागे राहिलेलं असतं. चिकनच्या आतली वाफ आणि बाहेरची ग्रेव्ही अशा दोन्ही बाजूंनी पाणी त्या जाळ्यात शिरतं आणि ते मऊ पडतं. म्हणजे घरी पोचलेल्या पार्सलमध्ये आपण ज्याला ‘हॉटेलची चव’ म्हणतो, तो कुरकुरीतपणा नसतोच. ते एक जाडसर, किंचित चिवट, ग्रेव्ही पिऊन टम्म झालेलं आवरण असतं, ज्याला दात लागला की आत रसाळ चिकन लागतं. मग प्रश्न असा उरतो की ग्रेव्ही धरून ठेवणारं खडबडीत, तांबूस, पुरेसं कोरडं कवच गरम हवेतून मिळतं का? मिळतं. पण कढईसाठी घोळवलेलं चिकन तसंच्या तसं टोपलीत टाकलं, तर मिळत नाही.

याचं कारण तेल आणि हवा यांच्या स्वभावात आहे. कढईतलं तेल १७५ ते १८० अंशांवर असतं आणि एअर फ्रायरची हवा २०० वर, पण आकड्यांवर जाऊ नये. २०० अंशांच्या भट्टीत क्षणभर हात घालून काढता येतो. १८० अंशांच्या तेलात बोट घालण्याचा विचारही कुणी करत नाही. तेल हवेपेक्षा किती तरी दाट, उष्णता साठवणारं आणि ती झपाट्याने देणारं. शिवाय ते खाचाखोचांत शिरतं, पिठाच्या प्रत्येक कणाला भिजवतं. पंख्यामुळे हवा थोडी भरपाई करते. तुकड्याभोवती साचणारा दमट थर ती सतत उडवून लावते आणि पृष्ठभाग लवकर सुकतो. साध्या भट्टीपेक्षा हे यंत्र सरस ठरतं ते याच बळावर. पण वाळवणारी ही हवा पिठाला भिजवू शकत नाही. म्हणून कोरड्या कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवलेला तुकडा एअर फ्रायरमधून काढावा तर त्यावर खडूसारखे पांढरे डाग तसेच राहिलेले दिसतात. स्टार्चला शिजायला पाणी लागतं, तांबूस व्हायला थोडी चरबी हवी, आणि कढईत आयती मिळणारी ही चरबी इथे आपणच आधी मिसळायला हवी. सरसरीत भिजवलेलं पीठही चालत नाही. तेलात पडताक्षणी ते घट्ट होतं. जाळीवर घट्ट होईपर्यंत त्यातलं निम्मं खाली ओघळलेलं असतं.

तेव्हा मधला मार्ग असा. अर्धा किलो चिकन, तेही छातीचं नव्हे, मांडीचं बोनलेस. छातीच्या मांसात चरबी कमी, ते गरम वाऱ्यात पटकन कोरडं पडतं. मांडीचं मांस दोन मिनिटं जास्त राहिलं तरी माफ करतं. बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करून त्यांना एक चमचा सोया सॉस, एका अंड्याचा पांढरा भाग, मिरपूड आणि पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा चोळावा. सोड्याने पृष्ठभाग किंचित अल्कधर्मी होतो आणि त्यामुळे मांसातली प्रथिनं आणि साखर यांच्यातली तांबूस, खरपूस करणारी क्रिया कमी वेळात घडते. कढईच्या वेगाची उणीव भरून काढायला ही मदत मोलाची आहे. मात्र पाव चमच्याऐवजी अर्धा घातला की साबणासारखी चव लागते. वीस मिनिटांनी चार मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि एक मोठा चमचा तेल घालून सगळं हाताने असं कालवावं की कोरडं पीठ कुठे दिसू नये आणि थेंबही गळू नये. तुकडे एकमेकांना न चिकटता एकाच थरात मांडावेत. टोपली लहान असेल तर दोन घाणे करावेत; खच्चून भरलेल्या टोपलीत वाफ कोंडते आणि चिकन उकडल्यासारखं होतं. २०० अंशांवर दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. चिकन आतून ७४ अंशांपर्यंत पोचलं की खायला सुरक्षित, असा मान्य निकष आहे. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड तुकडा कापून पाहावा, गुलाबी दिसता कामा नये.

काजूंकडे मात्र दुर्लक्ष नको, कारण पदार्थाचं नाव त्यांच्यावर आहे. ब्राझीलचं हे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणलं आणि तुपी लोकांच्या भाषेतला शब्द पोर्तुगीजमार्गे आपल्या तोंडी ‘काजू’ म्हणून बसला. (थायलंडमध्येही काजू घालून चिकन परततात, आणि तिथे काजूचं नाव आहे ‘हिमवंतातला आंबा’. ‘हिमवंत’ हा शब्द इथूनच तिकडे गेलेला.) काजूत वजनाच्या निम्म्याहून थोडी कमी चरबी असते आणि इतर सुक्या मेव्याच्या मानाने स्टार्च बराच. आपल्याकडे शाही ग्रेव्ही दाट करायला काजू वाटून घालतात ते उगीच नाही. पण याच गुणामुळे अख्खा काजू ग्रेव्हीत उकळला की पाणी पिऊन पिठूळ होतो, आणि जास्त भाजला तर क्षणात कडवट. म्हणून तो चिकनच्या आधी, १६० अंशांवर चार-पाच मिनिटं भाजावा आणि हवा त्याहून एक छटा फिकट असतानाच काढावा, कारण आतली तापलेली चरबी बाहेर आल्यावरही त्याला भाजत राहते. कोकणातल्या उसळीचा ओला काजूगर इथे उपयोगाचा नाही. त्यात पाणी फार. अख्ख्या ‘३२०’ नंबरच्या काजूवर पैसे घालवायचीही गरज नाही, पाकळी चालते. लिओंग यांनी काजू वरून घातले ते दिसायला छान म्हणून असेल, पण स्वयंपाकाच्या हिशेबानेही ते बरोबरच होतं. डब्यातला प्रत्येक कुरकुरीत घटक मऊ पडत असताना शेवटपर्यंत टिकाव धरतो तो काजू. दाताखाली जे हवं असतं ते चिकनने नाही, काजूने पुरवायचं.

ग्रेव्ही गॅसवरच करायची, तिथे एअर फ्रायरचं काम नाही. चमचाभर तेलात बारीक चिरलेलं आलं-लसूण, मग दोन मोठे चमचे सोया सॉस, एक ऑयस्टर सॉस, एक साखर, थोडं व्हिनेगर, वाटीभर पाणी किंवा चिकनचं सूप, आणि शेवटी पाण्यात कालवलेलं चमचाभर कॉर्नफ्लोअर. चकाकी येऊन पळीला थर बसला की गॅस बंद. चिकन त्यात घालून फक्त घोळवावं, शिजवू नये.

इथे कुणी म्हणेल, कवच मऊच पडणार असेल तर यंत्राचा खटाटोप कशाला? तव्यावर किंवा कढईत थोड्या तेलात परतावं. हा आक्षेप वजनदार आहे. पण घरच्या गॅसची आच हॉटेलच्या भट्टीच्या जवळपासही जात नाही. अर्धा किलो चिकन एकदम टाकलं की कढई थंडावते, चिकनला पाणी सुटतं आणि पिठाचा लगदा तळाला चिकटतो. आधी कोरडं होऊन मग मऊ पडलेलं कवच आणि कधी कोरडं झालंच नाही असं पीठ, यांत जमीन-अस्मानाचा फरक. पहिलं ग्रेव्ही शोषतं, दुसरं ग्रेव्हीत विरघळून तिची खळ करतं. चार-चार तुकडे टाकून परतण्याचा धीर असेल तर तवाही चालेल. पंखा असलेल्या ओव्हनमध्येही हे होतं, थोडा वेळ अधिक लागतो.

दुसरा आक्षेप वासाचा, आणि तो मला पूर्णपणे खोडता येत नाही. तळणीचा तो ओळखीचा वास तेलातलीच काही चरबी तापून फुटते तेव्हा तयार होतो. हवेत तो येणार कुठून? ग्रेव्हीत शेवटी टाकलेले तिळाच्या तेलाचे चार थेंब आणि आधी खरपूस केलेला लसूण यांनी बरीच भरपाई होते, सगळी नाही.

तिसरा मुद्दा आक्षेपाचा नाही, जाहिरातीचा आहे: तेल नाही म्हणजे पदार्थ हलका. हा हिशेब कच्चा आहे. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम काजूंत साधारण १६५ कॅलरी असतात, मोठा चमचाभर तेलापेक्षा जास्त. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे. वर दिलेली ग्रेव्ही चौघांत वाटली तरी प्रत्येकाच्या वाट्याला मर्यादेचा चौथा हिस्सा सहज जातो. वेगळं मीठ घालायचं नाही ते यासाठीच. खरी बचत कॅलरींची कमी आणि तेलाची जास्त आहे. घरी तळायचं तर कढईभर तेल तापवावं लागतं, मग ते गाळून बरणीत जातं आणि पुन्हा वापरलं जातं. वारंवार तापवलेल्या तेलात घातक संयुगं साठत जातात, म्हणूनच भारतात २०१८ पासून असं तेल किती बिघडेपर्यंत वापरता येईल याला कायदेशीर मर्यादा आहे. हॉटेलवाल्याला ती तपासायची सोय असते. घरात ती कोण तपासणार? चमचाभर तेल चिकनलाच चोळून संपवलं की तो प्रश्न उरत नाही.

उरलेलं काजू-चिकन दुसऱ्या दिवशी गरम करायचं असेल तर ग्रेव्ही आणि चिकन रात्रीच वेगळी ठेवावीत. फ्रिजमध्ये कॉर्नफ्लोअरची ग्रेव्ही घट्ट होऊन पाणी सोडते. ती गॅसवर दोन चमचे पाणी घालून ढवळली की पूर्ववत होते. तुकडे १८० अंशांवर चार मिनिटं टोपलीत ठेवले की कवच पुन्हा सुकतं. कढईला हे जमत नाही. दुसऱ्यांदा तळलेलं चिकन आतून चामड्यासारखं होतं. काजूंची वाटी झाकून बाहेरच ठेवावी. फ्रिजमध्ये ते सगळ्यात आधी मऊ पडतात.