अंदाजाने पार्ट बदलू नका! इनटेक मॅनिफोल्डने मला शिकवलेला धंद्याचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण इनटेक मॅनिफोल्डचं लीकेज शोधलं. हात कसा चालवायचा ते तिथे बघा. इथे पायऱ्या आणि त्यामागचा पैशाचा हिशोब लिहून देतोय. गॅरेज टाकायचा विचार असेल तर हे दोन्ही लागतं.

आधी माझी चूक सांगतो. वडनेरला हायवेलगत गॅरेज सुरू करून वर्षही झालं नव्हतं. एक टॅक्सीवाले दादा पेट्रोल गाडी घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, गाडी उभी केली का आरपीएम वर-खाली होते, मंग बंद पडून राह्यली." चेक इंजिनचा लाइट लागलेला होता. मी चारही स्पार्क प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, एक सेन्सरही नवीन टाकला. बिल झालं ६,८०० रुपये. गाडी दोन दिवस बरी वाटली, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दादा हिंगणघाटला दुसऱ्या मिस्त्रीकडे गेले. तिथे मॅनिफोल्डचं गॅस्केट निघालं. ते माझ्याशी भांडले नाहीत. दोन्ही बिलं माझ्या काउंटरवर ठेवली आणि उभे राहिले. मी पूर्ण पैसे परत दिले. त्यातले ५,२०० रुपये पार्टचे होते आणि उघडलेला पार्ट दुकानदार परत घेत नाही. बीबीएला कॉस्टिंग शिकलो होतो, पण चुकीच्या अंदाजाची कॉस्ट त्या दिवशी कळली.

आत नेमकं काय होतं?

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे थ्रॉटल बॉडीतून आलेली हवा प्रत्येक सिलिंडरपर्यंत वाटून देणारा भाग. आजकाल बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तो प्लास्टिकचा असतो. गाडी स्लोवर असताना थ्रॉटल जवळपास बंद असतो आणि पिस्टन हवा ओढतच असतात, म्हणून मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. गॅस्केट कडक झालं, पाइपला चीर गेली किंवा प्लास्टिक तडकलं, की तिथून बाहेरची हवा आत घुसते. आम्ही याला "गाडी हवा खाते" म्हणतो.

लक्षणं बघा: स्लो वाढणं किंवा वर-खाली होणं, थंड इंजिनला मिसफायर, "सूंऽऽ" असा आवाज, कधी पी ०१७१ हा कोड. गंमत अशी की हीच लक्षणं प्लग, इंजेक्टर आणि सेन्सरचीही असतात. म्हणूनच अंदाज महागात पडतो.

तपासणीचा क्रम: स्वस्तापासून महागाकडे

१. डोळे आणि कान. सगळे व्हॅक्यूम पाइप, क्लॅम्प, पीसीव्ही व्हॉल्व्हचा पाइप बघा. उंदराने कुरतडलेला पाइप आपल्याकडे नवीन नाही.

२. पाइप दाबून बघा. गाडी स्लोवर ठेवून एकेक रबरी पाइप क्षणभर दाबा. एखादा दाबल्यावर स्लो एकदम नीट झाला, तर लीकेज त्याच लाइनवर आहे. ब्रेक बूस्टरच्या पाइपवर असं झालं तर गाडी रस्त्यावर सोडू नका. तिथे ब्रेकचा प्रश्न आहे.

३. स्कॅनर लावा. एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत सेन्सरने न मोजलेली हवा आत येते, म्हणून ईसीयू पेट्रोल वाढवतो. स्लोवर फ्युएल ट्रिम अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २,५०० आरपीएमला शून्याजवळ, असं दिसलं तर संशय लीकेजवर घ्या. दोन्हीकडे जास्तच राहिला तर पेट्रोलचं प्रेशर तपासा. मॅप सेन्सरच्या गाडीत मात्र ट्रिम फारसा न हलता नुसता आरपीएम वाढू शकतो. तिथे प्रेशर बघा. इंजिन बंद असताना साधारण १०० केपीए, आणि गरम इंजिन एसी बंद ठेवून स्लोवर असताना बहुतेक गाड्यांत ३० ते ४० केपीए.

४. स्मोक टेस्ट. इंजिन बंद ठेवून अगदी कमी दाबाने धूर सोडा. जिथून धूर बाहेर येईल तिथे काम. गरम इंजिनवर क्लीनर स्प्रे मारून लीकेज शोधू नका. तो पेट घेतो, सीएनजीच्या गाडीत तर विचारच नको.

डिझेल टर्बो गाडीचं गणित उलटं आहे. तिथे हवा बाहेर जाते. लोडवर पिकअप कमी, काळा धूर, इंटरकूलरच्या पाइपवर तेलकट डाग. शिवाय ईजीआरच्या काजळीने मॅनिफोल्ड आतून चोक होतो, तो काढून साफ करावा लागतो.

दुरुस्ती करताना

इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मॅनिफोल्ड उतरवल्या उतरवल्या हेडची भोकं स्वच्छ कापडाने बंद करा. आत पडलेला एक नट संपूर्ण इंजिन उघडायला लावतो. प्लास्टिकला तडा किंवा बाक आहे का ते सरळ पट्टी लावून बघा. गॅस्केट नवीनच टाका, रबरी गॅस्केटला वरून सिलिकॉन लावू नका. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, कंपनीने दिलेल्या टॉर्कवर कसा. शेवटी कोड पुसा, गाडी चालवा आणि रीडिंग पुन्हा घ्या. रीडिंग नीट आल्याशिवाय काम संपलं म्हणू नका.

आता हिशोब

आज तीच गाडी आली तर बिल असं होईल: तपासणी ४००, गॅस्केट ४५०, मजुरी ९००. एकूण १,७५०. गॅस्केट मला ३५० ला पडतं, म्हणजे हातात १,४०० राहतात, तेही अर्ध्या दिवसात. बिल लहान, पण गिऱ्हाईक टिकतं.

तपासणीचे पैसे मागायला लाजू नका. फक्त गाडीला हात लावायच्या आधी सांगा, "दादा, तपासायचे ४०० लागतील, काय सापडलं ते दाखवतो, मग ठरवा." जुना पार्ट आणि स्कॅनरचं रीडिंग गिऱ्हाइकाला दाखवाच. एनएच ४४ वरून जाणारा माणूस परत येईलच असं नाही, पण गावातला रोज दिसतो आणि चार लोकांना सांगतो.

ते टॅक्सीवाले दादा सहा महिने फिरकले नाहीत. मग एक दिवस आले आणि म्हणाले, "आधी तपास, मंग सांग." आता हाच माझ्या गॅरेजचा नियम आहे.

तुमचा गृहपाठ: चांगल्या चालणाऱ्या पाच गाड्यांचे आरपीएम, केपीए आणि फ्युएल ट्रिम वहीत लिहा. चांगलं कसं दिसतं हे माहीत असलं, की बिघाड लगेच दिसतो. वहीचा फोटो कमेंटमध्ये टाका. भेटू पुढच्या व्हिडिओत!