सीएनजी बसवलेली गाडी मिसिंग मारते? हेड उघडण्याआधी प्लग पाहा

ईदसाठी मुंबईहून खेडला येताना खालेच्या मुलाची गाडी कशेडी घाटात मिसिंग मारू लागली. आत घरची पाच माणसं, डिकीत सिलेंडर. पेट्रोलवर घेतली की गाडी ठीक, गॅसवर चढ लागला की झटके. गाडी टुरिस्टची, तिच्यावरच घर चालतं, वर बँकेचा हप्ता. एका गॅरेजमध्ये नुसता आवाज ऐकून निकाल मिळाला, "भाई, व्हॉल्व्ह गये. हेड उतारना पडेगा." खर्च चाळीस हजारांच्या घरात.

आपल्या अनेक घरांत अशी एखादी गाडी असते, मूळची पेट्रोलची, नंतर गॅस किट बसवलेली. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

पहिला गैरसमज असा की पेट्रोलवर गाडी ठीक चालते म्हणजे प्लग ठीक आहेत, दोष किटचा किंवा इंजिनाचा. तसं नाही. गॅस आणि हवेचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर, म्हणजे गॅप, वापराने झिजून वाढतो. गॅप वाढला की ठिणगीला उडी मोठी मारावी लागते. पेट्रोलवर ती कशीबशी मारते, गॅसवर आणि त्यातही चढावर, जिथे सिलेंडरमधला दाब जास्त असतो, तिथे चुकते. म्हणजे थकलेला प्लग आधी गॅसवरच उघडा पडतो.

प्लग काढायचे ते इंजिन थंड झाल्यावरच. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना जोर लावला तर आटे खराब होतात. आधी खाचेतली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सरळ सिलेंडरमध्ये जाईल. काढलेले प्लग वर्तमानपत्रावर १, २, ३, ४ असे क्रमाने ठेवा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण बहुतेक जण चारही प्लग एका डब्यात टाकतात आणि मग कुठला कुठला ते कुणालाच कळत नाही. एकच प्लग वेगळा दिसला तर दोष त्या सिलेंडरचा. चारही सारखेच खराब असतील तर मिश्रण, टायमिंग किंवा प्लगची निवड तपासायची.

आता रंग. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत प्लगची आतली चिनीमाती फिकट तपकिरी किंवा राखाडी दिसते. गॅसची काजळी फार कमी, त्यामुळे गॅसवरच्या गाडीत तीच पांढरट आणि स्वच्छ दिसते. नवशिका मेकॅनिक तिला पाहून "इंजिन गरम होतंय" म्हणतो. नुसत्या पांढरेपणाने घाबरू नका. चिनीमातीवर फोड आलेत का, टोक वितळून गोल झालंय का, ॲल्युमिनियमचे चमकणारे बारीक कण चिकटलेत का, ते पाहा. असे कण दिसले तर इंजिनात ठोका पडतोय, पिस्टनचा धातू सुटतोय. त्या हालतीत गाडी चालवू नका. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर आहे. ओला, तेलकट काळा थर असेल तर ऑइल आत येतंय, रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील पाहावे लागतील.

बाहेरच्या पांढऱ्या चिनीमातीवर, लोखंडी भागाच्या अगदी वर, तपकिरी कडं दिसलं तर तो दोष नव्हे. ते बहुतेक प्लगवर येतं. पण वरून खाली पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ असेल, तर ठिणगी आत न पडता बाहेरूनच पळत होती. चिनीमातीला केसाएवढी चीर असली तरी हेच होतं. बसवताना प्लग हातातून पडला किंवा पाना तिरका लागला तरी अशी चीर जाते.

भावाच्या गाडीत तिसऱ्या नंबरच्या प्लगवर नेमकी अशी रेघ होती. प्लग बाहेरच होते, म्हणून दुसऱ्या एका उस्तादांकडून कॉम्प्रेशन तपासून घेतलं. चारही सिलेंडर जवळपास सारखे. म्हणजे व्हॉल्व्हचा प्रश्न तिथेच मिटला. स्कॅनरवर आधी पी०३०३ कोड होता, म्हणजे तिसऱ्या सिलेंडरची मिसिंग. तिसरा प्लग पहिल्या जागी लावून गॅसवर चालवली, कोड पी०३०१ झाला. दोष प्लगबरोबर सरकला. मात्र ३ नंबरचा कोडही अधूनमधून येत राहिला. कॉइलचं रबरी बूट उलटवून पाहिलं, तर आतही तशीच काळी रेघ. तेही बदललं. नुसती कॉइल बदलून जुना प्लग ठेवला असता तर नवी कॉइलही गेली असती. चार नवे प्लग आणि एक बूट, सगळं काही हजारांच्या आत.

नवे प्लग घेताना गाडीच्या पुस्तिकेत आणि किटवाल्याच्या कागदावर दिलेला नंबरच घ्या. गॅससाठी गॅप बहुधा थोडा कमी, ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतात. फिलर गेजने मोजा. इरिडियम प्लगचं बारीक टोक मात्र ठोकून किंवा दाबून गॅप करू नका, ते तुटतं. टर्बो गाडीचं मॅप बदलून ताकद वाढवणाऱ्या पोरांसाठी एक गोष्ट: तिथे थंड प्रकारचा प्लग लागू शकतो, पण एनजीकेमध्ये नंबर वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नंबर वाढला की गरम. कंपनी बदलताना इथेच घोळ होतो.

प्लग आधी हाताने बसवा. सपाट वॉशरचा नवा प्लग हाताने घट्ट झाल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो.

आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर एक्सलेटर सोडा, जोर देऊ नका. न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो वितळू शकतो.

कॉम्प्रेशन एकाच सिलेंडरमध्ये कमी आलं, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. वाढलं तर रिंग. नाही वाढलं तर बहुधा व्हॉल्व्ह. गॅसच्या कोरड्या जळणाने एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते हे खरं आहे, आणि मग हेड उतरवावंच लागेल.